हाताला मुंग्या येतात? आधी कुठलं बोट आणि किती वाजता ते बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत लिहितो म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर कळेल. वय ४३, घरी ब्लाउज शिवायचं काम, गेले चार महिने उजव्या हाताला मुंग्या, डाव्याला थोड्या कमी. रात्री दोन-तीनला जाग येते, हात जड आणि बधिर झालेला असतो, उठून झटकला की पाच-दहा मिनिटांत बरं वाटतं. मानेचा एमआरआय काढला त्यात "सी ५-६ ला डिस्क बल्ज" (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली चकती फुगलेली) आलं, मणक्यात गॅप आहे असं सांगितलं गेलं, मानेला पट्टा लावला, बी १२ ची दहा इंजेक्शनं झाली आणि फरक शून्य. शेवटी जाता जाता लिहिलंय की वजन सहा किलो वाढलं, केस गळतात आणि सारखा थकवा असतो.

मी न्यूरॉलॉजीत २६ वर्षं काम करतोय आणि नसांची तपासणी, म्हणजे ती करंट देऊन करतात ती, अजून स्वतःच्या हाताने करतो. या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळलीय की हाताच्या मुंग्यांचं ऐंशी टक्के उत्तर पेशंटच्या तोंडातच असतं, फक्त दोन प्रश्न नीट विचारावे लागतात, नेमकी कुठली बोटं आणि कुठल्या वेळेला. मशीन, एमआरआय, रक्त हे सगळं त्यानंतर. आणि तुमच्या बाबतीत हे दोन प्रश्न कोणी विचारलेच नाहीत असं दिसतंय, याचं मला खरंच वाईट वाटलं कारण चार महिन्यांची झोप गेलीय तुमची.

तर आधी एक काम करा. आज रात्री जाग आली की लगेच हात झटकू नका. दुसऱ्या हाताने एकेक बोट चाचपून बघा, अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. उशाशी बॉलपेन ठेवा आणि जिथे जिथे बधिर लागतंय तिथे हातावरच रेघ मारा. सकाळी बघा कुठे शाई आहे. जवळपास प्रत्येक पेशंट पहिल्यांदा सांगतो "डॉक्टर सगळा हात बधिर होतो", आणि पेन हातात दिलं की दहातल्या सात-आठ जणांची करंगळी कोरी निघते. ती कोरी करंगळी माझ्यासाठी एमआरआयपेक्षा मोठी गोष्ट आहे.

का ते सांगतो. हातात बोटांपर्यंत संवेदना नेणाऱ्या मुख्य तीन नसा आहेत. मीडियन नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा मधल्या बोटाकडचा अर्धा भाग सांभाळते. करंगळी आणि अनामिकेचा उरलेला अर्धा भाग अल्नर नसेचा. आणि हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी जो भाग आहे तो रेडियल नसेचा. म्हणजे अनामिका ही दोन गावांच्या शिवेवर आहे असं समजा. एकाच अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर आणि दुसरी चांगली असेल तर दोष बहुतेक वेळा मनगटातल्या मीडियन नसेत असतो, मानेत नाही, कारण मानेतून निघणाऱ्या नसेचा भाग सहसा एका बोटाच्या मधोमध असा चिरत नाही.

मनगटाच्या आत, तळहाताच्या बाजूला एक बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना मनगटाची आठ छोटी हाडं, वरून एक जाड चिवट पट्टा, आणि त्या एवढ्याशा जागेतून बोटं वाकवणारे नऊ दोर आणि त्यांच्याबरोबर ही एकटी मीडियन नस जाते. जागा वाढू शकत नाही. दोरांभोवती थोडी जरी सूज आली की चेपली जाते ती नसच. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात आणि हाताला मुंग्या येण्याचं माझ्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच आहे, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा बरंच जास्त. रात्रीच का होतं, तर झोपेत मनगट नकळत दुमडलं जातं, आणि आडवं झाल्यावर दिवसभर पायाकडे उतरलेलं पाणी अंगात वर सरकतं, दोन्हीमुळे बोगद्यातला दाब वाढतो. हात झटकला, पलंगाखाली लोंबकळत ठेवला की बरं वाटतं. हे झटकणं इतकं ठराविक आहे की पेशंट बोलता बोलता हात झटकून दाखवतो तेव्हाच माझं अर्धं निदान होतं. दिवसा मोबाइल धरला, गाडीचं हँडल धरलं, भाकऱ्या थापल्या, कपडे पिळले, तुमच्यासारखं कात्री आणि सुई धरून बसलं की परत सुरू.

आणखी एक खूण म्हणजे तळहाताचा मधला भाग बधिर होत नाही, कारण त्या भागाची फांदी बोगद्याच्या वरून जाते, आतून नाही. बोटं बधिर पण तळवा ठीक, हे ऐकलं की मनगटच. हे सगळं लोकांच्या घरी बसून समजण्यासारखं आहे म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आता मानेचं बोलू, कारण तुमचा सगळा इलाज मानेवर झालाय. आधी तो "गॅप" शब्द. लोकांना वाटतं मणके एकमेकांपासून लांब गेले. प्रत्यक्षात उलट असतं, दोन मणक्यांमधली चकती वयाबरोबर सुकते, बसते, आणि जागा कमी होते. चाळिशीनंतर ज्यांना काहीही त्रास नाही अशा भरपूर लोकांच्या एमआरआयमध्ये बल्ज दिसतो. म्हणून रिपोर्टमध्ये बल्ज आला म्हणजे मुंग्या त्यामुळेच असं होत नाही, बल्ज ज्या नसेला लागतोय त्याच नसेच्या बोटात मुंग्या हव्यात, आणि बाकीची लक्षणंही जुळायला हवीत.

मानेतली नस खरंच दबली असेल तर चित्र वेगळं असतं. पहिल्यांदा दुखणं येतं, मुंग्या नंतर. मानेतून किंवा पाठीच्या पात्यापासून कळ निघते आणि दंडातून खाली उतरते, मान मागे करून त्याच बाजूला वळवली की विजेसारखी चमक जाते, खोकलं शिंकलं की वाढतं. काही पेशंट डोक्यावर हात ठेवून येतात कारण तसं केलं की नसेवरचा ताण कमी होतो आणि आराम पडतो. सहाव्या नंबरची नस असेल तर अंगठा-तर्जनी, सातवी असेल तर मधलं बोट, आठवी असेल तर करंगळीची बाजू. सातवी सगळ्यात जास्त वेळा सापडते आणि तिच्यात कोपर सरळ करायची ताकद कमी होते, म्हणजे हात टेकून उठताना दंड लटपटतो. यातले बहुतेक लोक दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. तुम्ही मानदुखीबद्दल एक ओळही लिहिलेली नाही ताई, आणि मान हलवून फरक पडतो असंही नाही. मग मान का धरून बसायचं? तो मानेचा पट्टा काढून ठेवा, महिनोन्‌महिने लावला तर मानेचे स्नायू उलटे कमजोर होतात.

पण मानेचा एक प्रकार असा आहे ज्याच्यात मी स्वतः घाई करतो, आणि तो उशिरा लक्षात आला की नुकसान भरून येत नाही. तिथे एक नस नाही तर खुद्द मज्जारज्जू दबलेला असतो. दोन्ही हात बधिर आणि बावळे होतात, शर्टाचं बटण लागत नाही, सही बदलते, मोबाइलवर टाइप करताना बोटं चुकीच्या अक्षरावर पडतात, चालताना पाय ताठ वाटतात, चप्पल पायातून कधी निसटली कळत नाही, मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं, लघवीला धावत जावं लागतं. दुखणं बरेचदा नसतंच, त्यामुळे माणूस वय झालं म्हणून सोडून देतो. एक शेतकरी काका होते माझ्याकडे, साधारण साठीचे, त्यांच्या घरचे वर्षभर सांगत होते की हाताला मुंग्या येतात म्हणून तेल लावतो, आणि मी विचारलं बांधावरून चालता येतं का, तर म्हणाले आता बांधावरून नाही जमत, तोल जातो, वाटेनेच जातो. त्या एका वाक्यावर मी त्याच आठवड्यात एमआरआय करायला लावला आणि ऑपरेशन झालं. हात पूर्ण सुधारले नाहीत पण चालणं वाचलं. ही लक्षणं कोणाला असतील तर एमआरआय लगेच करा, तिथे वाट बघू नका. आणि एक कळकळीची विनंती, दाढी-कटिंग करताना मान कडकन मोडून घ्यायची पद्धत आहे ना, ती बंद करा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन लकवा झाल्याच्या केसेस आहेत.

करंगळी आणि अर्धी अनामिका बधिर असेल तर नजर कोपराकडे. कोपराच्या मागे आतल्या बाजूला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते बघा, तीच अल्नर नस, तिथे ती कातडीच्या लगेच खाली आहे. कोपर पूर्ण दुमडून झोपणं, तासन्‌तास फोन कानाला लावणं, टेबलावर किंवा गाडीच्या खिडकीत कोपर टेकवणं, यात ती ताणली जाते आणि दाबली जाते. इलाजाची सुरुवात साधी, रात्री कोपराभोवती जाडसर टॉवेल गुंडाळून सैल बांधा म्हणजे तो पूर्ण दुमडणार नाही, कोपर टेकवणं बंद. पण अंगठा आणि तर्जनीच्या मधला मागचा खड्डा खोल दिसायला लागला, किंवा किल्ली फिरवायला ताकद पुरत नसेल, तर स्नायू सुकायला लागलेत आणि मग दाखवायला उशीर नको.

याच नसेवरून एक विषय येतो जो मी कधीच वगळत नाही, आणि लोक ऐकून दचकतात, तो म्हणजे कुष्ठरोग. आपल्याकडे २००५ साली देशपातळीवर दर दहा हजार लोकांत एकाहून कमी पेशंट हे उद्दिष्ट गाठलं गेलं आणि लोकांनी (काही डॉक्टरांनीही) मनातून हा आजार काढूनच टाकला. पण तो संपलेला नाही, जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतातले असतात आणि महाराष्ट्रात, खास करून विदर्भात, ते सापडत राहतात. वरोऱ्याचं आनंदवन ज्या राज्यात आहे तिथे तरी हे विसरायला नको. एक चहाच्या टपरीवर काम करणारा पोरगा आला होता, करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड, आणि भाजलं कधी त्याला माहीतच नाही. दुखलंच नव्हतं. कोपरामागे हात लावला तर नस सुतळीसारखी जाड लागली, आणि बाही वर केली तर हाताच्या मागे फिकट चट्टा, ज्याच्यावर कापूस फिरवलेला त्याला कळत नव्हता. त्याला आधी मान आणि व्हिटॅमिन दोन्हींचा इलाज झाला होता. कुष्ठरोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स असतो, आजार बरा होतो आणि गोळ्या सुरू झाल्यावर लवकरच तो दुसऱ्याला पसरायचा थांबतो. पण नस एकदा मेली की ती परत येत नाही, म्हणून फिकट किंवा लालसर चट्टा अधिक बधिरपणा दिसला की लाज न बाळगता दाखवायचं. त्या पोराची करंगळी वाकडीच राहिली, हे मला अजून लागतं.

रेडियल नसेचं पटकन सांगतो. खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून गाढ झोप लागली, विशेषतः दारू पिऊन, तर सकाळी मनगट लटकतं, वर उचलता येत नाही, अंगठ्याच्या मागे बधिर. घरचे घाबरतात लकवा झाला म्हणून. एकदा तपासून घ्या, पण बहुतेकांचं काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतं.

आता पूर्ण शरीराचे आजार. डायबेटिस आणि मुंग्या हे समीकरण सगळ्यांना पाठ आहे पण एक गोष्ट चुकते. डायबेटिसमध्ये सगळ्यात लांब नसा आधी खराब होतात, म्हणजे पायाच्या. तळव्यांपासून सुरू होऊन मोज्यासारखं वर चढतं आणि ते गुडघ्यापर्यंत येतं तेव्हा कुठे बोटांच्या टोकांना सुरू होतं. म्हणून शुगर आहे पण पाय ठणठणीत आणि फक्त हाताला मुंग्या, तर शुगरवर ढकलून मोकळं होऊ नका, मनगट तपासा, कारण शुगरवाल्यांना कार्पल टनेलही जास्त होतो.

बी १२ बद्दल मला जरा जास्त बोलायचंय. हे व्हिटॅमिन झाडपाल्यात नसतं, दूध-दही, अंडी, मासे, मटण यातूनच मिळतं, त्यामुळे पूर्ण शाकाहारी आणि दूधही कमी घेणाऱ्या घरांत कमतरता खूप दिसते. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची सवय लागली असेल, तरी कमी होतं. बी १२ च्या कमतरतेत मुंग्या एका हाताला आणि रात्रीच असं सहसा नसतं. दोन्ही पाय, दोन्ही हात, जीभ लाल गुळगुळीत, विसरायला होतं, आणि एक खूण मी आवर्जून विचारतो, बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का. जात असेल तर मामला गंभीर आहे, तिथे इंजेक्शन ताबडतोब हवं. पण आधी रक्त, मग इंजेक्शन, हा क्रम पाळा. एकदा इंजेक्शन घेतलं की रक्तातली पातळी वर जाते आणि मग खरंच कमी होतं का हे कळायचा सोपा रस्ता बंद होतो. तुमचं नेमकं तेच झालंय. शिवाय "नसांच्या गोळ्या" म्हणून ज्या मिळतात त्यात बी ६ पण असतं, आणि बी ६ जास्त डोसमध्ये लांबवर घेतलं तर त्यानेच नसा खराब होऊन बधिरपणा येतो. गोळी साधी व्हिटॅमिनची आहे म्हणून तीन-तीन वर्षं घेत राहू नका. टीबीच्या गोळ्यांमध्ये मात्र आयसोनियाझिड असतं, त्याने नसांना त्रास होऊ नये म्हणून सोबत बी ६ ची छोटी गोळी देतात, ती बंद करू नका. कॅन्सरची काही औषधं आणि जास्त दारू, यांनीही हातापायांच्या मुंग्या येतात, तिथे इतिहास विचारला की कारण समोर असतं.

आता जे ऐकून घरातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं ते. मुंग्या हळूहळू आल्या, येतात-जातात, रात्री वाढतात, तर वेळ आहे. पण अचानक, बोलता बोलता, एका क्षणी हात बधिर किंवा लुळा पडला, त्याच बाजूचा चेहरा वाकडा झाला, बोलणं जड झालं, पाय ओढला जातोय, डोळ्यापुढे अर्धं दिसेना, तर तो लकवा समजा आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला जा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि तेही जितकं लवकर तितका फायदा. गावाकडे "वारं गेलं अंगावरून" म्हणतात आणि आधी चोळणं, पट्टी, कांदा हुंगवणं यात दोन तास जातात. घरी ॲस्पिरिन देऊ नका कारण रक्तस्राव आहे की गाठ आहे हे सीटीशिवाय कळत नाही, बीपी वाढलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका, पाणीही पाजू नका, ठसका लागून फुफ्फुसात जातं. आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरी त्याच दिवशी जायचं, ती मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकते.

डावा हात म्हटलं की लोकांना हार्ट आठवतं. हार्टमध्ये नुसत्या बोटांच्या मुंग्या क्वचित असतात, जड दुखणं असतं, छाती आवळल्यासारखी, चालल्यावर वाढणारी, जबड्याकडे जाणारी, घाम आणि मळमळ. बायकांमध्ये आणि शुगरवाल्यांमध्ये छाती न दुखताही अटॅक येतो, म्हणून शंका असेल तर ईसीजी काढून घ्या, त्यात गमावण्यासारखं काही नाही. दोन्ही हात आणि ओठांभोवती एकदम मुंग्या, बोटं आखडून वाकडी होतात, छाती धडधडते, मरणार असं वाटतं, हे बरेचदा भीतीने श्वास फार भरभर घेतल्यामुळे होतं. तो त्रास खराच असतो, नाटक म्हणून हिणवू नका. शेजारी बसून सावकाश श्वास सोडायला लावा. पण पहिल्यांदाच झालं असेल तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय टेन्शनच आहे असं ठरवू नका. तसंच चित्र थायरॉइडच्या ऑपरेशननंतर कॅल्शियम कमी झाल्यावर दिसतं, त्यांनी मात्र लगेच हॉस्पिटल गाठायचं.

आणि जीबीएस, म्हणजे गिलन-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात दूषित पाण्याशी संबंध असलेली त्याची साथ आली होती तेव्हा मला रोज फोन यायचे, डॉक्टर हाताला मुंग्या येतात जीबीएस आहे का. त्याची ओळख अशी की जुलाब किंवा ताप-सर्दीनंतर एक-दोन आठवड्यांनी पायाला आणि हाताला मुंग्या सुरू होतात आणि काही दिवसांतच ताकद जायला लागते, जिना चढवत नाही, जमिनीवरून उठवत नाही, मग हात, मग गिळणं आणि श्वास. रोज वाढत जाणारी कमजोरी असेल तर हॉस्पिटल, त्याच दिवशी. चार महिने झाले आणि ताकद तशीच, तर जीबीएस नाही.

परत तुमच्याकडे येतो. रात्रीची जाग, झटकल्यावर आराम, शिवणकाम, दोन्ही हातांना, मान शांत, एवढ्यावरून मला कार्पल टनेल सगळ्यात जास्त वाटतो. पेनाच्या रेघा अंगठ्यापासून अर्ध्या अनामिकेपर्यंत आल्या तर जवळजवळ नक्की. आणि वजन वाढणं, केस गळणं, थकवा हे वाचून मला थायरॉइड कमी असल्याची दाट शंका आहे, त्यात मनगटाच्या बोगद्यात सूज येते आणि दोन्ही हातांना होतं. टीएसएच ही एकच रक्ताची तपासणी, सोबत शुगर आणि साधं सीबीसी करून घ्या. थायरॉइड निघाला तर गोळीने थकव्यासोबत हातही बरेचदा हलके होतात. (गरोदरपणातही हाच त्रास होतो, शेवटच्या तीन महिन्यांत, आणि बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो, तेव्हा कोणी गरोदर बहीण वाचत असेल तर घाबरू नये.)

इलाजात पहिलं, रात्री मनगटाचा पट्टा, म्हणजे रिस्ट स्प्लिंट. नुसता इलॅस्टिकचा नाही, आत धातूची पट्टी असलेला. आणि इथे एक चूक सगळे करतात, दुकानात मिळतो तो बरेचदा मनगट मागे वाकवून धरणारा असतो. ती पट्टी बाहेर काढा, हाताने दाबून सपाट करा आणि परत घाला, मनगट सरळ रेषेत राहिलं पाहिजे. फार घट्ट बांधू नका. रोज रात्री, निदान सहा आठवडे. चार दिवसांत फरक नाही म्हणून काढून टाकू नका. दिवसा शिवताना अर्ध्या-पाऊण तासाने उठा, कात्रीला धार लावून घ्या कारण बोथट कात्रीला दुप्पट जोर लागतो, काजं-हुकं एकाच दिवशी सगळी करू नका. बधिर हाताला गरम पाण्याची पिशवी लावू नका, भाजलेलं कळत नाही, तव्याजवळ फडकं वापरा.

सहा आठवड्यांनी तसंच असेल तर नसांची तपासणी, एनसीव्ही. त्याला उपाशी राहावं लागत नाही, हाताला तेल-क्रीम लावून जाऊ नका, पेसमेकर असेल तर आधी सांगा, आणि हात गार असेल तर गरम करून मगच करायला सांगा, गार हातात नस उगाच मंद दिसते. सुरुवातीच्या केसमध्ये ही तपासणी नॉर्मलही येते, त्यावरून त्रास खोटा ठरत नाही. मग बोगद्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन, त्याने बऱ्याच जणांना काही आठवडे ते महिने चांगला आराम पडतो, काहींना परत त्रास होतो. ऑपरेशनचं नाव ऐकून लोक पळतात पण ते छोटं आहे, फक्त हात बधिर करून, वरचा चिवट पट्टा कापून बोगद्याला जागा करून देतात, त्याच दिवशी घरी. ते कधी करायचं, तर बधिरपणा चोवीस तास राहायला लागला, सुई चिमटीत राहत नाही, कप निसटतो, किंवा अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला तर. दोन्ही तळहात शेजारी धरून आरशासमोर बघा, एका बाजूचा उंचवटा बसलेला दिसला तर सहा आठवडेही थांबू नका. रात्रीच्या मुंग्या ऑपरेशननंतर लवकर जातात, पण सुकलेला स्नायू परत भरेलच याची खात्री मी कोणाला देत नाही, आणि शिवणकाम ज्याचं पोट आहे तिच्यासाठी तर तो अंगठा जपायलाच हवा.

आज रात्री पेन उशाशी ठेवा. टीएसएच उद्या सकाळी देऊन या. शाई लागलेल्या हाताचा फोटो आणि तो रिपोर्ट पाठवा, आणि करंगळी कोरी होती की नाही ते सगळ्यात आधी लिहा.